ते म्हातारं कुठाय? सहा रात्री, सहा सिनेमे आणि चौथ्या रात्री बंद केलेला प्रोजेक्टर

हे आमच्याच घरात घडलेलं आहे. नावं कुणाचीच टाकलेली नाहीत, गावही सांगत नाही, मुलांची वयं एखाद्या वर्षाने इकडेतिकडे केलीत. ज्याच्याबद्दल हे मुख्यतः आहे त्याच्या आईवडिलांना विचारूनच लिहितेय. सुट्टीत मुलांना एकत्र बसवून सिनेमाची सिरीज दाखवायचा बेत खूप घरांत होतो, आणि पहिला पार्ट चांगला होता म्हणजे पुढचे पण चालतील असं आपण धरून चालतो, आमच्याकडे होम अलोन या इंग्रजी सिनेमांच्या सिरीजचं ते कसं फसलं आणि मग काय केलं ते सगळं क्रमाने मांडतेय.

पार्श्वभूमी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा, सांगली जिल्ह्यातलं माझं माहेर. बाबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं म्हणून सगळे जमलेले, पुण्याचे, ठाण्याचे, आणि न्यू जर्सीहून दोन भाच्या. एकूण ११ मुलं, सगळ्यात लहान ५ वर्षांचं, सगळ्यात मोठी १४ ची. पहिले दोन दिवस जो तो आपापल्या मोबाईलमध्ये, न्यू जर्सीच्या दोघींचं मराठी बाकीच्यांना कळेना आणि बाकीच्यांचं इंग्रजी बोलायला लाजत, एकाच खोलीत ११ मुलं आणि आवाज नाही असं विचित्र चित्र होतं. मग १४ वर्षांच्या भाचीनेच आयडिया काढली की गच्चीवर चादर बांधायची, प्रोजेक्टर लावायचा आणि रोज रात्री होम अलोनचा एकेक पार्ट बघायचा. सहा रात्री होत्या आणि पार्टही बरोबर सहाच. तिने कॅलेंडरच्या जुन्या पानामागे तक्ता केला: १९९०, १९९२, १९९७, २००२, २०१२, २०२१. सगळ्यांना आवडलं, मलाही. मी आत्या, जेवणं आटपून गच्चीवर गोधड्या नेणं आणि भाजलेल्या शेंगांची टोपली फिरवत ठेवणं हे माझ्याकडे.

पहिला मी कॉलेजात असताना पाहिलेला, दुसरा टीव्हीवर, तिसरा अर्धवट. पुढचे तीन आहेत हेच मला माहीत नव्हतं. हा पहिला निर्णयाचा टप्पा होता आणि तिथे मी थांबले नाही. सहातले तीन घरातल्या एकाही मोठ्या माणसाने बघितलेले नव्हते आणि आम्ही मान डोलावली कारण नाव एकच होतं.

पहिल्या दोन रात्री

पहिली रात्र अशी गेली की मी ती विसरणार नाही. आजीला, म्हणजे माझ्या आईला, इंग्रजी येत नाही, तर मोठी भाची शेजारी बसून मराठीत सांगत होती. बर्फाने भरलेलं शिकागोजवळचं उपनगर, सुट्टीला निघायच्या गडबडीत घरात विसरलेला आठ वर्षांचा केविन, आणि आजीचा पहिला प्रश्न, "एवढी माणसं घरात, आणि पोरगं मोजलं नाही कुणी?" आमच्याकडे तेव्हा २३ माणसं होती, त्यामुळे सगळ्या आयांनी एकदम आपापली मुलं बघून घेतली.

सगळ्यांना या सिनेमातलं काय आठवतं विचारलं तर रंगाचे डबे, गरम केलेली दाराची मूठ, जिन्यावरून पडणारे चोर. पण तो मारामारीचा भाग शेवटच्या अर्ध्या तासात येतो. त्याआधीचा सगळा वेळ एक मुलगा घरात एकटा आहे, आधी खूश आहे, मग त्याला तळघराची भीती वाटते, मग आईची आठवण येते. आणि शेजारचा तो दाढीवाला मार्ली म्हातारा, ज्याच्याबद्दल मुलांनी काहीबाही अफवा उठवलेल्या. चर्चमध्ये दोघं शेजारी बसतात तेव्हा कळतं की म्हाताऱ्याचं मुलाशी वर्षानुवर्षं बोलणं नाही, नात गाणं गाते ते तो लांबून ऐकायला आलाय. आठ वर्षांचं पोर त्याला सांगतं, फोन कर की. शेवटी खिडकीतून केविनला दिसतं की म्हाताऱ्याचा मुलगा आलाय आणि म्हाताऱ्याने नातीला मिठी मारलीय, तिथे आजीने पदर डोळ्याला लावला आणि शेजारची पाच वर्षांची तिच्या मांडीवर जाऊन बसली.

मी नंतर वाचलं की जॉन ह्यूजच्या मूळ पटकथेत हा म्हातारा नव्हताच, दिग्दर्शक ख्रिस कोलंबसने फेरफार करताना तो घातला, गोष्टीला थोडं वजन यावं म्हणून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरमध्ये झालेला हा सिनेमा, खर्च वाढतोय म्हणून वॉर्नर ब्रदर्सने सोडून दिलेला आणि फॉक्सने उचललेला, जगभरात ४७ कोटी डॉलरच्या वर गेला, अमेरिकेत सलग १२ वीकेंड पहिल्या नंबरवर राहिला. चोर जिन्यावरून पडतात म्हणून माणसं १२ आठवडे थिएटरात जात नाहीत हो, आपल्या आईला घेऊन जावंसं वाटलं म्हणून जातात.

दुसऱ्या रात्री केविन चुकीच्या विमानात बसून न्यूयॉर्कला पोचतो. गोष्ट जवळजवळ तीच, तेच चोर, तसेच सापळे, फक्त मार जास्त जोरात. पण दिग्दर्शक तोच, घरची माणसं तीच, आणि म्हाताऱ्याच्या जागी सेंट्रल पार्कमधली कबुतरांची बाई. आजीने लगेच ओळखलं, "हे त्या म्हाताऱ्याच्या जागेवर आलंय बघ." शेवटी केविन जोडीतलं एक शोभेचं कबुतर त्या बाईला देतो आणि एक स्वतःकडे ठेवतो, ते आजीला फार आवडलं. तर दुसरा पण निभावला. कमाई पहिल्यापेक्षा कमी, जवळपास ३६ कोटी डॉलर, पण गच्चीवरून कुणी उठलं नाही.

अडचण

तिसऱ्या रात्री गडबड सुरू झाली. १९९७ पर्यंत केविनचं काम करणारा मॅकॉले कल्किन मोठा झालेला आणि सिनेमापासून लांब गेलेला, मग ह्यूजने नवीन घर, नवीन मुलगा, चोरांच्या जागी चार आंतरराष्ट्रीय गुन्हेगार आणि खेळण्यातल्या गाडीत लपवलेली लष्करी चिप अशी गोष्ट लिहिली. दिग्दर्शन राजा गॉसनेलचं, ज्याने पहिल्या दोन सिनेमांचं एडिटिंग केलेलं. म्हणजे सापळ्यांच्या सीनचा ठेका त्याला कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक, आणि ते दिसतंही, त्या जागी मुलं हसली. रॉजर एबर्टसारख्या मोठ्या समीक्षकाने याला तीन स्टार देऊन पहिल्या दोघांपेक्षा हाच बरा म्हटलं होतं, त्याच्या मताचा मान ठेवूनही मला ते पटत नाही, आणि आमच्या गच्चीला तर अजिबात पटलं नाही.

कारण आठ वर्षांच्या भाच्याने मध्येच विचारलं, "पण हा एकटा कुठाय? ह्याला तर कांजिण्या झाल्यात." खरंच की. हा मुलगा आजारी म्हणून घरी आहे, आई कामावर जाते आणि परत येते. कुणी कुणाला विसरलेलं नाही, कुणी कुणाकडे धावत येत नाहीये. दार वाजलं की चोर येणार एवढीच उत्सुकता. आजी वाट बघत बसली होती, दर दहा मिनिटांनी, "ते म्हातारं कुठाय?" शेजारीण आहे खरं तर, खडूस, शेवटी मुलगा तिला सोडवतो पण, पण त्या चर्चच्या बाकावर होतं तसं बसून बोलणं नाही. आजी अर्ध्यातून खाली गेली, तिच्यामागून लहान तिघं गेले, मोठी दोघं मोबाईलकडे. जगभरात हा सिनेमा ८ कोटी डॉलरच्या आत थांबला होता, आमच्याकडे ११ पैकी ६ मुलांवर.

इथे दुसरा टप्पा होता. माझी वहिनी म्हणाली पण, उद्या दुसरं काहीतरी लावू. भाची मात्र तक्ता घेऊन बसलेली, सहाच्या सहा पूर्ण करायचे. तिचा हिरमोड करायला नको म्हणून मी म्हटलं होऊ दे, चौथ्यात केविन परत आहे म्हणे. एवढ्यावर मी चौथा चालू करू दिला, आणि माझी खरी चूक ही.

चौथी रात्र

चौथा २००२ चा, एबीसी चॅनेलसाठी केलेला टीव्ही सिनेमा. केविन आहे पण दुसरा मुलगा, आणि वय वाढायच्या ऐवजी कमी. पहिल्या दोन सिनेमांतल्या दोघा चोरांपैकी मार्व्ह आहे पण वेगळा नट, बरोबर बायको, दुसरा चोर हॅरी नाहीच. आणि सुरुवातीलाच कळतं की केविनचे आईबाबा वेगळे झालेत. बाबा एका श्रीमंत बाईबरोबर मोठ्या बंगल्यात राहतो, तिच्याशी लग्न करणार आहे, घटस्फोट तेवढा पूर्ण व्हायचाय, आणि मुलांना ख्रिसमसला तिकडे बोलावतो.

ज्या भाच्याने आदल्या रात्री "हा एकटा कुठाय" विचारलं होतं, त्याचे आईवडील, म्हणजे माझा भाऊ आणि त्याची बायको, दोन वर्षं वेगळे राहतात. त्याची सुट्टी अर्धी इकडे, अर्धी आईकडे. आमच्याकडून तीन दिवसांनी तो आईकडे जाणार होता, बॅग अर्धी भरलेली.

तो काही रडला वगैरे नाही. शेंगा सोलायचा थांबला, एवढंच. हातात शेंग तशीच. तीन रात्री आधी ज्या केविनची आई त्याच्यासाठी अर्धं जग पालथं घालून घरी आली होती, त्याच केविनच्या घरी आता आईबाबा वेगळे, आणि का, तर गोष्टीला रिमोटवर चालणारा मोठा बंगला हवा होता आणि तिथे केविनला पोचवायला काहीतरी कारण हवं होतं. मला याचा राग आला, अजून येतो. मुलांच्या सिनेमात आईवडील वेगळे झालेले दाखवू नयेत असं मी बिलकुल म्हणत नाही, उलट नीट दाखवावेत, अशी कितीतरी मुलं आहेत. पण इथे ते फक्त मुलाला एका घरातून दुसऱ्या घरात हलवायला वापरलंय. मी लाईट गेल्याचं काही सोंग न करता सरळ प्रोजेक्टर बंद केला आणि म्हटलं आज बास, थंडी खूप आहे.

रात्री अंथरुणात त्याने विचारलं, "आत्या, शेवटी ते परत एकत्र राहतात का?" मला खरंच माहीत नव्हतं. "मी बघते आणि उद्या सांगते," म्हटलं.

पर्याय काय होते

सगळे झोपल्यावर उरलेला सिनेमा मी मोबाईलवर बघितला, शेवटी आईबाबा एकत्र येतात. म्हणजे आता दोन प्रश्न झाले, त्याला काय सांगायचं आणि उद्यापासून गच्चीवर काय लावायचं. सकाळी चहाला मी, भाऊ आणि वहिनी (दुसऱ्या भावाची बायको) स्वयंपाकघरात दार लावून बसलो.

वहिनीचं म्हणणं, उरलेला दाखवून टाकावा, शेवट गोड आहे, पोराला बरं वाटेल. मला नेमकं तेच नको होतं, कारण त्याच्या घरी तसं होणार नाहीये आणि सिनेमा त्याला सांगणार की सापळे नीट लावले की बाबा परत येतो. भाऊ म्हणाला, विषयच काढू नका, विसरेल. पण त्याने विचारलंय आणि मी सांगते म्हटलंय, आता गप्प बसले तर उत्तर वाईट आहे असंच तो धरणार. शेवटी ठरलं की सांगायचं. कुणी सांगायचं यावर भाऊ जे बोलला ते माझ्या डोक्यात राहिलंय. "ताई, तूच सांग. मी सांगितलं तर त्याला वाटेल मीच नको म्हणतोय." मग त्याने बाहेर जाऊन मुलाच्या आईला फोन केला, काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, हाच प्रश्न त्याने दिवाळीत तिला पण विचारला होता. ते दोघं इतके दिवसांनी पाच मिनिटं नीट बोलले असतील, आणि ते या फोनवर.

सिनेमांचं म्हणाल तर पाचवा आणि सहावा आधी आम्ही भराभर पुढे सरकवत बघितले. २०१२ चा पुन्हा टीव्हीसाठीच केलेला, नवीन घर, नवीन मुलगा, चोरांना एक मौल्यवान चित्र हवंय. तो साधारण आहे, त्रास काही नाही, पण आजीला परत वर आणण्यासारखं त्यात काही नव्हतं. २०२१ चा डिस्नी प्लसवरचा, फॉक्स डिस्नीने घेतल्यानंतरचा, तो मला जास्त खटकला. त्यात घरात घुसणारं जोडपं चोर नाहीच, त्यांचं स्वतःचं घर विकायची वेळ आलीय, आणि आपली किमती बाहुली या मुलाने नेली असं त्यांना वाटतंय. आता अशा माणसांना दारात आपटताना, पाठीवर मारताना बघून हसायचं कसं? पहिल्या सिनेमात हॅरी आणि मार्व्ह दुष्ट आणि बावळट होते म्हणून मार हलका वाटायचा. इथे नवराबायकोची दया येते आणि वर मार तेवढाच. दोन्ही रद्द.

काकांनी झपाटलेला सुचवला, १९९३ चा आणि मग २०१३ चा थ्रीडीवाला दुसरा. पण पाच वर्षांच्या मुलांसमोर रात्री उघड्या गच्चीवर तात्या विंचू नको असं सगळ्या आयांनी एकमताने सांगितलं. शिवाय दुसऱ्यात लक्ष्मीकांत बेर्डे नाहीत, ते २००४ मध्येच गेले, गोष्ट त्यांच्या पात्राच्या मुलावर नेलीय, आणि काकांना स्वतःलाच लक्ष्या नसलेला बघायचा नव्हता.

न्यू जर्सीच्या धाकट्या भाचीने पॅडिंग्टन म्हटलं, लंडनमध्ये राहणाऱ्या अस्वलाचा सिनेमा. दुसरा पार्ट जास्त छान आहे, ती म्हणाली. तोपर्यंत मला पार्ट हा शब्दच नको झाला होता.

काय केलं

यावेळी आधी बघितला. दुपारी पाहुणे झोपलेले असताना मी आणि १४ वर्षांची भाची दोघींनी पॅडिंग्टन २ पूर्ण बघितला, वही घेऊन. अवघड जागा दोन निघाल्या. पॅडिंग्टन अस्वल चोरीच्या खोट्या आळाने तुरुंगात जातो आणि एकदा भेटायच्या दिवशी तो ज्यांच्या घरी राहतो ते ब्राऊन कुटुंब येतच नाही, त्याला वाटतं विसरले. आणि शेवटाकडे तो पाण्यात बुडालेल्या रेल्वेच्या डब्यात अडकतो. वाट बघणारं पोर आणि न आलेले घरचे, हे आमच्या भाच्याला लागणार हे उघड होतं. बराच वेळ विचार केला. चौथ्या होम अलोनमधलं दुःख निव्वळ सोय म्हणून होतं, इथलं तसं नाही, सिनेमा त्याच्यापाशी थांबतो आणि घरचे येतात, पाण्यात उडी मारून येतात. मी ठरवलं की दाखवायचा, पण दोन्ही जागांना मी त्याच्या शेजारी असणार.

त्याआधी सकाळीच गच्चीवर त्याच्याशी बोलले. सांगितलं, सिनेमात परत एकत्र येतात. तो म्हणाला, "खऱ्यात?" मी म्हटलं खऱ्यात काही घरांत येतात, काहींत नाही, तुझ्या घरी आईबाबा वेगळेच राहणार असं त्यांनी ठरवलंय, आणि तू काही केल्याने किंवा न केल्याने ते झालेलं नाही. "मग सिनेमावाले खोटं का दाखवतात?" मी म्हटलं, त्यांना दीड तासात संपवायचं होतं रे. त्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, तिसरा पण असाच होता, घाईत.

मोठ्या भाचीला तक्त्याचं वाईट वाटलं होतं, तर तिला म्हटलं तक्ता तूच बदल. तिने २००२ च्या पुढे "अर्धा" लिहिलं, २०१२ आणि २०२१ खोडले आणि खाली पॅडिंग्टन १ (२०१४), पॅडिंग्टन २ (२०१७) लिहिलं. न्यू जर्सीची भाची मराठीत सांगायला बसणार असं ठरलं, आजीला. तिचं मराठी मोडकं, पण आजीला चालतंय म्हणाली.

काय झालं

पाचव्या रात्री पहिला पॅडिंग्टन, नऊ मुलं आणि आजी. ठीक गेली. सहाव्या रात्री दुसरा, आणि दुपारचे जेवलेले पाहुणे पण वर आलेले, गच्ची भरली.

गोष्टच अशी निघाली की पॅडिंग्टनला त्याला वाढवणाऱ्या लुसी आत्याच्या १०० व्या वाढदिवसाला भेट पाठवायचीय, लंडनचं एक जुनं उघडमीट चित्रांचं पुस्तक, आणि त्यासाठी तो खिडक्या पुसून पैसे साठवतोय. खाली बाबांच्या सहस्रचंद्राच्या रांगोळ्या अजून तशाच होत्या. हे आम्ही ठरवून केलेलं नव्हतं, पण मुलांना लगेच कळलं, "आजोबांसारखं." भेटायला कुणी आलं नाही त्या सीनला भाच्याने माझं बोट धरलं, बोलला काही नाही. पाण्याच्या डब्याला धाकट्या दोघींनी डोळे मिटले.

आणि शेवटी, तो आजारातून उठतो, दाराची बेल वाजते, आणि दारात लुसी आत्या उभी, सगळ्या गल्लीने मिळून तिला आणलेली. आजी गोधडीतून पुढे वाकली आणि म्हणाली, "आलं बघ म्हातारं."

भाच्याने शेवटची पाच मिनिटं परत लावायला सांगितली. दोनदा लावली.

दुसऱ्या दिवशी त्याची आई त्याला न्यायला आली. एरवी ती फाटकातूनच नेते, यावेळी आजीने आत बोलावलं, चहा झाला, बाबांच्या पाया पडली. बाकी काही बदललं नाही, ते दोघं वेगळेच आहेत आणि तसेच राहतील.

आता काय वेगळं केलं असतं

सगळ्यात आधी, घरातल्या एका तरी मोठ्या माणसाने पूर्ण बघितल्याशिवाय काही लावलं नसतं. दोन तास जातात, जाऊ देत. आणि बघताना शिव्या आहेत का, मारामारी किती एवढंच बघून थांबले नसते, गच्चीवर कोणकोण बसणार आहे ते डोळ्यासमोर ठेवून बघितलं असतं. आमच्याकडे त्या आठवड्यात एक वेगळ्या राहणाऱ्या आईबाबांचा मुलगा होता. दुसऱ्या घरात नुकतीच आजी गेलेली नात असेल, तिला लुसी आत्याचा शेवट जड जाईल.

तिसऱ्या रात्री थांबायला हवं होतं. पाच वर्षांची उठून गेली, आजी उठून गेली, याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं. मी तक्त्याकडे बघितलं, गच्चीकडे नाही.

प्रोजेक्टर बंद करताना थंडीचं कारण दिलं ते पण मला आता पटत नाही. तेव्हाच त्याला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं, त्याला रात्री अंथरुणात स्वतःहून विचारायची वेळ आली. आणि भावाला मी सिनेमा चालू असतानाच खालून बोलवायला हवं होतं, सकाळची वाट न बघता.

एक गोष्ट मात्र परत तशीच करीन, मोठ्या भाचीला बरोबर घेऊन आधी बघणं. आता ती पुण्यात तिच्या मैत्रिणींच्या धाकट्या भावंडांसाठी पण तसंच करते, वहीत नाव, साल, आणि पुढे दोन रकाने, "कोण कुणाची वाट बघतंय" आणि "म्हातारं आहे का". पॅडिंग्टनचा तिसरा, २०२४ चा, पेरूमधला, त्यात दिग्दर्शक बदललाय, पॉल किंगच्या जागी डूगल विल्सन, आणि मिसेस ब्राऊनचं कामही दुसऱ्या नटीने केलंय. त्यामुळे पुढच्या डिसेंबरसाठी तो तिने अजून तक्त्यावर घेतलेला नाही, आधी आम्ही दोघी बघणार आहोत.